वाऱ्याला विचारून मार्सेलिसचे दोन दिवस

पत्र : आम्ही पॅरिसच्या उपनगरात राहतो. सध्या सांगलीहून माझे आईबाबा आले आहेत. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. वय बहात्तर, गुडघे दुखरे, पण उत्साह दांडगा. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिला बोट लागते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी त्यांना मार्सेलिसला न्यायचे ठरवले आहे, कारण सावरकरांनी जिथे उडी मारली ते बंदर पाहायचेच, असे बाबा आल्या दिवसापासून म्हणत आहेत. नवऱ्याला भाड्याची गाडी घेऊन कलांकचे समुद्रकडे, कासी, एक्स आणि जमल्यास आविन्यों ही गावे एवढे सगळे करायचे आहे. नऊ वर्षांच्या मुलाला बोट आणि किल्ला हवा आहे. शहर सुरक्षित नाही, असेही कानावर येते. दोन दिवसांत हे सारे कसे बसवावे? — मृण्मयी, पॅरिस

उत्तर : मृण्मयीताई, हे सारे दोन दिवसांत बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये. शुक्रवारी शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमाराची टीजीव्ही ही वेगवान रेल्वेगाडी घेतली, तरी पॅरिसच्या गार द लियों स्थानकाहून मार्सेलिसच्या सेंट शार्ल स्थानकात उतरायला साडेनऊ-दहा वाजतात. म्हणजे हाताशी खरे तर शनिवार पूर्ण आणि रविवार संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा, एवढाच वेळ उरतो. त्यात आविन्यों आणि एक्स घातलेत, तर आईबाबांना प्रोव्हान्समधले महामार्ग आणि वाहनतळ तेवढे नीट पाहायला मिळतील. ती दोन्ही गावे पॅरिसहून रेल्वेने वेगळी करता येण्याजोगी आहेत. गाडीचा विचार तर सोडूनच द्या. जुन्या बंदराच्या आसपास ती चालवणे हा ताप आहे आणि उभी करणे हा त्याहून मोठा. तुमच्या यजमानांची समजूत कशी काढायची, ते पुढे सांगते.

माझा मुख्य सल्ला एवढाच आहे, की कार्यक्रम तासांनुसार न आखता वाऱ्यानुसार आखा. मिस्त्राल नावाचा वायव्येकडून येणारा कोरडा वारा रोन नदीच्या खोऱ्यातून खाली उतरतो आणि एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस हटत नाही. त्यात गोम अशी, की या वाऱ्यात आकाश बहुधा निळेशार असते. त्यामुळे हवामानाच्या अंदाजात नुसते सूर्याचे चित्र पाहून माणूस निर्धास्त होतो आणि धक्क्यावर गेल्यावर बोटी बंद असल्याचे कळते. म्हणून गुरुवारी रात्री मेतेओ फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याच्या अंदाजात पावसापेक्षा वाऱ्याचा वेग आणि दिशा पाहा. शनिवार आणि रविवार यांपैकी ज्या सकाळी वारा कमी असेल ती सकाळ बोटीची, आणि बाकी सर्व तिच्याभोवती. दोन्ही सकाळ सारख्याच शांत असतील, तर बोट रविवारी ठेवा. कारण शनिवारी उघडे असणारे बाजार आणि दुकाने रविवारी बव्हंशी बंद असतात, समुद्राला मात्र सुट्टी नसते.

मुक्काम जुन्या बंदराच्या दक्षिण काठाला, ऑपेराच्या परिसरात किंवा कूर दस्तिएन दोर्व या मोकळ्या चौकाच्या जवळपास घ्यावा. उत्तरेचा पानिए हा जुना मोहल्ला छायाचित्रांत फार मोहक दिसतो, पण तिथल्या चढाच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांतून रात्री दहा वाजता सामान आणि दुखरे गुडघे घेऊन जाणे म्हणजे सहलीची सुरुवातच कुरकुरीने करणे होय. सेंट शार्लहून जुने बंदर मेट्रोच्या पहिल्या मार्गावर दुसऱ्याच थांब्यावर असले, तरी पाच माणसांनी पहिल्या रात्री टॅक्सी करावी हे बरे. स्थानकासमोरचा १०४ पायऱ्यांचा भव्य जिना बाबांनी वरूनच पाहावा. तिथून समोर टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द या चर्चवरचा सोनेरी पुतळा दिसतो.

आता बाबांच्या इच्छेबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तिथे अपेक्षाभंगाची शक्यता आहे. ‘मार्सेलिसची उडी’ असे म्हटले की हॉटेले, शिडाच्या होड्या आणि माशांचा बाजार असलेले जुने बंदर डोळ्यांपुढे येते, परंतु ती उडी तिथली नव्हे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकिया येथून आलेल्या ग्रीकांनी याच चिंचोळ्या खाडीकाठी वसाहत केली, आणि पुढची चोवीस शतके शहराचे बंदर तेच होते. पण वाफेच्या मोठ्या आगबोटींना ते अपुरे पडू लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तरेला ला जोलिएत येथे नव्या गोद्या बांधल्या गेल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटी याच नव्या बंदरात लागत, आणि घाईचे प्रवासी व टपाल इथे उतरून आगगाडीने पॅरिसमार्गे लंडनला जात. विलायतेला गेलेल्या मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी मराठी माणसांचे युरोपच्या भूमीवरचे पहिले पाऊल म्हणूनच मार्सेलिसला पडले.

सावरकरांना लंडनहून मुंबईला नेणारी ‘मोरिया’ ही बोटही पी अँड ओचीच. ८ जुलै १९१० च्या सकाळी त्यांनी स्वच्छतागृहाच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहून धक्का गाठला आणि ते धावत सुटले. मात्र फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवरच्या पहारेकऱ्यांच्या हवाली केले. बाबांना सांगण्याजोगी पुढची हकिकत अशी, की फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस परस्पर कसा नेला, यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला आणि तो हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे गेला. अटक करून ताबा देण्यात अनियमितपणा झाला हे लवादाने मान्य केले, तरीही कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिला. त्यावर आजही आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यार्थी वाद घालतात.

मोठ्या बंदराच्या धक्क्यांवर आज कुणालाही मोकळेपणे फिरता येत नाही, तेव्हा नेमकी जागा शोधत कुंपणाकडेने चालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी बाबांना ला माजोर या पट्ट्यापट्ट्यांच्या दगडी कॅथेड्रलसमोरच्या प्रशस्त गच्चीवर न्या. तिथून खाली कोर्सिकाला आणि अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी उभ्या दिसतात, पलीकडे लाटा अडवणारा लांबलचक बांध दिसतो, आणि आगबोटींच्या काळातले ते बंदर कुठल्या दिशेला पसरले होते हे एका नजरेत कळते. संध्याकाळी, सूर्य समुद्रात उतरण्याच्या तासभर आधी गेलात तर उत्तम. ऑक्टोबरच्या मध्यास तो सातच्या सुमारास मावळतो. इथून फोर सें झां हा किल्ला जवळ आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र करा.

शनिवारची सकाळ जुन्या बंदराच्या टोकाशी, के द ला फ्रातेर्निते या धक्क्यावर सुरू करा. कोळी आपला माल निळसर ट्रेमध्ये मांडून इथे सकाळी विकतात. मासे थोडे, बघे फार, आणि भाव ऐकून परत फिरणारे त्याहून जास्त. आईंना वास नको वाटला, तर जवळच नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ मध्ये उभारलेले आरशासारख्या पोलादाचे छत आहे. त्याच्याखाली उभे राहून वर पाहिले की आपण उलटे चालताना दिसतो. तुमचा मुलगा तिथून लवकर हलणार नाही. तिथून चार पावलांवर, एका मोठ्या व्यापारी संकुलाला लागून, शहराचे इतिहास संग्रहालय आहे. हे संकुल बांधण्यासाठी १९६७ मध्ये पाया खणताना प्राचीन बंदराचा धक्का आणि तटबंदी सापडली, आणि ते अवशेष बाहेरच्या बागेत तसेच राखले आहेत. आत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या ग्रीक नौकांचे लाकूड आहे. त्यांतली एक नौका फळ्या दोरीने शिवून बांधलेली आहे. अरबी समुद्रातही शिवलेल्या फळ्यांची गलबते चालत असत, हे बाबांना ठाऊक असेल. नसेल तर नातवासमोर सांगायला त्यांना आयता विषय मिळेल. संग्रहालय सपाटीवर आहे, बसायला जागा आहे, आणि गुडघ्यांना त्रास नाही.

बाबा एक प्रश्न हमखास विचारतील : अडीच हजार वर्षांचे शहर, मग बंदराच्या उत्तर काठावरच्या इमारती सत्तरेक वर्षांपूर्वीच्या का दिसतात? त्याचे उत्तर कटू आहे. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने इथल्या सुमारे वीस हजार रहिवाशांना घराबाहेर काढले आणि पुढच्या काही आठवड्यांत सुरुंग लावून हा अख्खा मोहल्ला पाडला. सतराव्या शतकातली नगरपालिकेची इमारत आणि मोजकी जुनी घरे तेवढी वाचली. युद्धानंतर वास्तुविशारद फेर्नां पुयों यांच्या देखरेखीखाली दगडी दर्शनी भागाच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच आज दिसतात. नगरपालिकेसमोरून पलीकडच्या काठावर एक छोटी फेरीबोट जाते. प्रवास जेमतेम काही मिनिटांचा आणि पाणी खाडीच्या आतले असल्यामुळे आईंनाही ती लागू नये; रविवारच्या बोटीआधीची ती रंगीत तालीम समजा.

दुपारच्या जेवणासाठी शनिवारीच नोआय बाजाराकडे जा, कारण रविवारी तिथली वर्दळ ओसरलेली असते. उत्तर आफ्रिकेचे मसाले, पुदिन्याच्या जुड्या, खजूर, भेंडी आणि कोमोरोस बेटांवरच्या लोकांची दुकाने यांनी त्या अरुंद गल्ल्या गजबजलेल्या असतात, आणि सांगलीच्या बाजारात वावरलेल्या तुमच्या आईंना पॅरिसमध्ये लागतो तसा परकेपणा इथे लागणार नाही. भाज्यांचा कुसकुस इथे सहज मिळतो, पण ताटात मांस नसले तरी वरून घातलेला रस्सा पुष्कळदा मांसाबरोबरच शिजवलेला असतो. ते आधी विचारून घ्या. ऑलिव्हची ताप्नाद नावाची चटणी दिसायला निष्पाप असते, परंतु तिच्यात अँचोव्ही हा खारवलेला मासा वाटलेला असतो, आणि पिझ्झ्यावरही तो न सांगता येतो. तुळशीच्या कुळातल्या बासिलचा पिस्तू घातलेले भाज्यांचे सूप मिळाल्यास घ्या, मात्र काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. खात्रीचा पदार्थ म्हणजे पानिस. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, घट्ट होऊ देऊन, त्याच्या चकत्या कापून तळतात. आपल्या पाटवड्या थापून झाल्यावर कुणी कढईत सोडाव्यात, तसा तो प्रकार आहे. आई पहिल्या घासालाच ‘याला जरा हिरवी मिरची हवी होती’ म्हणतील, आणि ते खरेच आहे.

तुमचे यजमान मासे खात असतील, तर त्यांना बुइयाबेस खायचे असणार. न विकल्या गेलेल्या काटेरी, खडकाळ पाण्यातल्या माशांचे हे कोळ्यांचे कालवण आज चांगलेच महाग झाले आहे. १९८० मध्ये इथल्या काही उपाहारगृहांनी केलेल्या संहितेप्रमाणे त्यात किमान चार जातींचे मासे लागतात, आधी रस्सा आणि मग मासे असे ते दोन फेऱ्यांत वाढतात, आणि माणशी साठ युरोंच्या पुढे सहज जाते. बऱ्याच ठिकाणी ते आगाऊ सांगावे लागते. धक्क्यावर पाट्या लावून स्वस्तात देणाऱ्यांकडे ते खाऊ नये, एवढेच माझे मत.

जेवणानंतर खोलीवर जाऊन दोन तास आडवे व्हा. हा वेळ वाया गेला असे यजमानांना वाटेल, पण संध्याकाळ याच झोपेवर उभी आहे. चारच्या सुमारास जुन्या बंदराहून ६० क्रमांकाच्या बसने नोत्र दाम द ला गार्दला जा; चढ चालत जाण्याचा विचारही करू नका, आणि बसथांब्यापासूनही काही पायऱ्या आहेत हे बाबांना आधी सांगून ठेवा. १८६४ मध्ये अर्पण झालेल्या या चर्चमध्ये छतापासून दोऱ्यांनी टांगलेल्या छोट्या छोट्या जहाजांच्या प्रतिकृती आहेत आणि भिंतींवर वादळातून, अपघातातून, आजारातून वाचल्याबद्दल आभार मानणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत. नवस फेडण्याची ही रीत आईंना कुणी समजावून सांगावी लागणार नाही. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ मधल्या लढाईच्या गोळ्यांचे व्रण अजून दिसतात. वरच्या गच्चीवर वारा असेल तर टोपी हातात धरा. खाली उतरल्यावर वेळ आणि पाय शिल्लक असतील, तर ला माजोरची गच्ची याच संध्याकाळी करा; नसतील तर ती रविवारी दुपारी करा, सूर्यास्त हुकला तरी बंदर कुठे जात नाही.

रविवारी यजमानांना मोकळे सोडा, हीच त्यांची समजूत काढण्याची युक्ती. पाचही जणांनी सगळे एकत्र करायचे, या हट्टापायी कुटुंबाच्या सहली बिघडतात. त्यांनी सकाळी लवकर सिटी बसने लुमिनीच्या विद्यापीठ परिसरात जावे आणि तिथून पायवाटेने सुजितों कलांकपर्यंत उतरून परत यावे. पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि मधोमध घुसलेले हिरवेनिळे पाणी त्यांना पायी जाऊनच खरे भेटेल. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने या वाटा बंद होतात आणि सुजितोंसाठी आधी नोंदणीही लागते. ऑक्टोबरमध्ये हा जाच सहसा नसतो, तरी आदल्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाची सूचना पाहावी. पाणी बरोबर न्यावे, कारण वाटेत मिळत नाही. कासी राहिले तर राहू द्या.

तुम्ही चौघांनी तेवढ्या वेळात जुन्या बंदरातून फ्रिउल बेटांकडे जाणारी बोट घ्यावी. कलांकच्या दोन-तीन तासांच्या बोटफेऱ्यांची जाहिरात धक्क्यावर सगळीकडे दिसेल, पण बोट लागणाऱ्या माणसाला उघड्या समुद्रात इतका वेळ बसवणे हा छळ आहे. फ्रिउलचा प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचा आहे. आईंना गोळी निघण्याच्या वेळी नव्हे, आधी द्या, आणि बोटीच्या मध्यभागी, बाहेरच्या हवेत बसवा. वाटेत शातो दिफ हा किल्ला लागतो. सोळाव्या शतकात पहिल्या फ्रांस्वा राजाने तो बांधला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. अलेक्झांडर द्युमा यांच्या कादंबरीतल्या माँते क्रिस्तोच्या काउंटची कोठडी इथे दाखवतात, म्हणजे न झालेल्या कैद्याची खोली तिकीट लावून पाहता येते. मुलाला घेऊन तुम्ही तिथे उतरा. आत दगडी पायऱ्या आणि खडबडीत फरशी असल्याने आईबाबांनी त्याच बोटीने पुढे फ्रिउलला जाऊन किनाऱ्यावर कॉफी घेत बसावे आणि पुढच्या फेरीने तुम्ही त्यांना गाठावे. तिकीट काढताना दोन्ही ठिकाणांचे काढा आणि वेळापत्रकाचा फोटो काढून बाबांच्या मोबाइलमध्ये ठेवा. वारा थोडा जरी चढला, तरी इफच्या छोट्या धक्क्याला बोट लावत नाहीत आणि ती थेट फ्रिउलला जाते. मुलाला याची कल्पना आधीच द्या.

मिस्त्रालमुळे दोन्ही दिवस बोट बंद राहिली, तर निराश होऊ नका, कारण बाबांसाठी तो कार्यक्रम कदाचित अधिक रंगतदार ठरेल. टॅक्सीने दक्षिणेकडे बुलवार मिशले येथे जा. तिथे वास्तुविशारद ल कार्बुझिए यांनी १९४७ ते १९५२ या काळात बांधलेली ३३७ घरांची काँक्रीटची वसाहत आहे. २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या त्यांच्या सतरा कामांमध्ये ही इमारत आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर ही दोन्ही आहेत. आयुष्य काँक्रीटमध्ये घालवलेल्या माणसाला ती पाहताना कुणाच्या मार्गदर्शनाची गरज भासणार नाही. त्याच दिशेला आणखी पुढे माझार्ग येथे युद्धस्मशानभूमी आणि भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने मार्सेलिसच्या बंदरात पाऊल ठेवले, आणि तिच्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या दोन कंपन्या होत्या; महिनाभरात त्या उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत होत्या. सावरकरांच्या उडीला तेव्हा चारच वर्षे झाली होती.

रविवारी दुपारी सगळे पुन्हा एकत्र आलात, की म्युसेमकडे जा. २०१३ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाच्या इमारतीवर वास्तुविशारद रुदी रिच्चोती यांनी काँक्रीटची जाळी चढवली आहे, आणि छतावरून फोर सें झां किल्ल्याकडे शंभर मीटरांहून लांब असा सडपातळ पूल जातो. तो इतका पातळ असून वाकत कसा नाही, यावर बाबा अर्धा तास बोलतील, बोलू द्या. बाहेरच्या गच्च्या, पूल आणि किल्ल्याची बाग यांना तिकीट लागत नाही, आणि दालने पाहिलीच पाहिजेत असे मला वाटत नाही. त्यापेक्षा शेजारच्या इमारतीतली कोस्केर या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेची प्रतिकृती पाहा. मूळ गुहेचे तोंड समुद्राच्या पृष्ठभागाखाली ३७ मीटरवर आहे. हिमयुगात समुद्र खाली असताना माणसांनी आत घोडे, सील आणि पेंग्विनसारखे पक्षी रेखाटले. प्रतिकृतीत छोट्या डब्यांत बसवून फिरवतात, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच उरत नाही. तिकिटे ठरावीक वेळेची असतात, ती आजच काढा.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही ऐकले ते खोटे नाही, पण ते जिथे घडते ते भाग मुख्यतः उत्तरेच्या उपनगरांत आहेत, आणि तुमच्या वाटेवर ते येत नाहीत. तुमच्या वाटेवर येतात ते खिसेकापू : सेंट शार्ल, मेट्रो आणि नोआय. पॅरिसच्या मेट्रोत घेता तेवढीच काळजी इथे घ्या. आईबाबांचे पासपोर्ट एकाच पर्समध्ये ठेवू नका आणि रात्री उशिरा स्थानकाच्या आसपास रेंगाळू नका.

रविवारची परतीची गाडी सहाच्या आधीची घेऊ नका आणि सामान हॉटेलातच ठेवायला सांगा. खोली ठरवताना लिफ्ट आहे का, आणि ती खालच्या पायऱ्यांपासून आहे की अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते, हे फोन करून विचारा. जुन्या इमारतींमध्ये अर्ध्या जिन्याचाच प्रकार फार.